कचरूनं दोनदा थोपटलं होतं

कचरूच्या छातीवर मी एकोणीस दिवस बुक्क्या मारल्या. रोज सकाळी, करडईचं कोमट तेल चोळून, वीस-पंचवीस मिनिटं. तो माझा चाळीस वर्षांचा मित्र, आणि त्याच्या काळजाला रक्त पुरवणाऱ्या तिन्ही नळ्या तेव्हा तुंबलेल्या होत्या. हे मला ठाऊक नव्हतं, हे खरं. विचारायची तसदीही मी घेतली नाही, हेही तितकंच खरं.

आजारी मी नव्हतो, त्यामुळे हे लिहिण्याचा अधिकार माझा नाही असं कुणी म्हणेल, तर म्हणू द्या. कचरू स्वतः लिहिणार नाही. चक्कीच्या पाटीवरचे दळणाचे भाव सोडले तर त्याला काहीही लिहायचा कंटाळा येतो. पण ज्या घरातला माणूस अचानक बायपाससाठी टेबलावर जातो, त्या घराच्या दाराशी माझ्यासारखा एक तरी शहाणा उभा असतोच. हे मुख्यतः त्याच्यासाठी लिहितो आहे.

शीर उतरवणं

आम्ही दोघं शहागंजच्या मागच्या गल्लीतल्या तालमीतले. कचरू वैजापूरकडचा, शाळेसाठी मामाकडे येऊन राहिलेला. मी इथलाच. ती तालीम आता उरलेली नाही, त्या जागेवर मोटारसायकली लावतात. कुस्ती सुटली, पोटं सुटली, तरी तालमीनं दिलेल्या दोन गोष्टी आम्ही सोडल्या नव्हत्या.

पहिली गोष्ट मालिश. मान अवघडली, खांदा धरला की आपल्याकडे म्हणतात शीर चढली. ती मुठीनं रगडून, बुक्क्यांनी ठोकून, वेळ पडली तर गुडघ्याचा भार देऊन पुन्हा जागेवर आणायची. वस्तादांनी हे काम खास मला शिकवलं होतं. मी वाळूजच्या एका कारखान्यात फिटर आहे, पण गल्लीत मला ओळखतात ते या हातांमुळे. रविवारी सकाळी माझ्या दारात चार माणसं कमरेला हात लावून उभी असतात. त्याचा मला गर्व होता, आणि तो लपवण्याचा प्रयत्न मी कधी केला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे एक नियम. डाव बसला, श्वास कोंडायला लागला, की खालच्यानं वरच्याच्या अंगावर किंवा मातीवर हातानं दोनदा थोपटायचं. थोपटलं की वरच्यानं त्याच क्षणी सोडायचं, मग तो जिंकत का असेना. जो सोडणार नाही त्याला वस्ताद वेताच्या छडीनं फोडून काढत. तो मार मी एकदाच खाल्ला. आठ दिवस मला पालथं झोपावं लागलं होतं.

कचरूची आता पिठाची चक्की आहे, चक्कीच्या मागेच घर. ज्वारीची पोती बावन्नाव्या वर्षीही तो स्वतः उचलायचा. एक दिवस म्हणाला, पोतं उचललं की डाव्या खांद्यातून कळ निघते, कोपरापर्यंत उतरते, जबडाही ओढल्यासारखा होतो. मी म्हटलं, शीर चढली, दुसरं काय. तिथंच बाकड्यावर त्याला उताणं पाडलं आणि सुरुवात केली. वीस मिनिटांत कळ गायब. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली, मी पुन्हा घालवली.

आता मला कळतं की कळ माझ्या हातांनी जातच नव्हती. तो वीस मिनिटं निवांत पडून राहायचा, म्हणून जायची. आणि आम्ही दोघं बैल असं समजत होतो की माझ्या बुक्क्यांना गुण येतोय. वाचणाऱ्यानं एवढी एक गोष्ट लक्षात ठेवली तरी माझं लिहिणं कारणी लागेल. कष्ट केले की दुखतं आणि पडून राहिलं की थांबतं, असं दुखणं असेल तर मालिशवाल्याकडे जाऊ नका. माझ्याकडे तर मुळीच येऊ नका.

कचरूची मुलगी प्रतीक्षा फार्मसीला आहे. आठव्या दिवशी तिनं सांगितलं होतं की बाबांचा ईसीजी काढू या. मी तिला म्हणालो, तुमच्या पुस्तकात हातांचा धडा नसतो, पोरी. ती लाल होऊन आत निघून गेली. कचरू हसला, आणि त्याच्यापेक्षा मोठ्यानं मी हसलो.

विसावा दिवस

विसाव्या दिवशी कळ गेली नाही.

पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. कचरूच्या कपाळावर घामाचे थेंब जमले. मला त्या कळेचाच राग आला. माझं न ऐकणारी शीर म्हणजे काय, अशा चिडीनं मी जोर वाढवला. एक गुडघा त्याच्या खांद्याच्या खोबणीत रोवला आणि छातीच्या डाव्या बाजूला मूठ आवळून मारायला लागलो. धप्प, धप्प असा आवाज चक्कीत घुमत होता. मंगल वहिनी, म्हणजे कचरूची बायको, चहा घेऊन दारात आल्या होत्या. त्यांच्या हातातला ताट-कपांचा खणखणाट तेवढा मला आठवतो.

तेव्हा कचरूचा उजवा हात वर आला आणि त्यानं माझ्या मांडीवर दोनदा थोपटलं.

मी सोडलं नाही. म्हटलं, थोडं सोस, सुटतंच आलंय. त्यानंतर मी आणखी पाच-सहा बुक्क्या मारल्या. मोजल्या नव्हत्या, पण पाचाच्या खाली नक्की नव्हत्या. मग तो कुशीवर वळला आणि बाकड्यावरच ओकला. ओठ निळसर झाले होते.

त्यानं थोपटलं होतं, ही गोष्ट पुढं कितीतरी दिवस मी कुणालाही सांगितली नाही.

प्रतीक्षा आतून धावत आली आणि तिनं मला दोन्ही हातांनी ढकललं. मी पिठाच्या डब्यावर जाऊन आदळलो. "काका, हात लावू नका त्यांना," एवढंच ती म्हणाली. रिक्षात तिनं बापाचं डोकं मांडीवर घेतलं, मी पुढं रिक्षावाल्याशेजारी बसलो. चौकात एक गाडी आडवी आली. मी खाली उतरलो आणि तिच्या बॉनेटवर मुठी आपटल्या, पत्रा दबेपर्यंत. गाडीवाला उतरला, मी त्याची कॉलर धरली, त्यानं माझी धरली. मागून प्रतीक्षा सांगत होती की काका, बसा, वेळ जातोय. जिथं एक-एक मिनिट मोलाचं होतं, तिथं दोन मिनिटं माझ्या रागानं खाल्ली.

अपघात विभागात त्याला आडवं केलं, सुया टोचल्या. छातीला तारा लावायला तिथल्या तरुण डॉक्टरनं सदरा कापला आणि तो थांबलाच. छाती गळ्यापासून बरगडीपर्यंत हिरवी-निळी झालेली. त्यानं आमच्याकडे पाहिलं आणि विचारलं, यांना कुणी मारलंय का?

मी तोंड उघडायच्या आत कचरूनं तोंडावरचा ऑक्सिजनचा मास्क बाजूला सारला. म्हणाला, चक्कीत कट्टा अंगावर पडला. कट्टा म्हणजे धान्याचं पोतं. बोलताना तो माझ्याकडे बघत होता. मी मान खाली घातली.

ठसे

अँजिओग्राफी झाली. आम्हाला एका लहान खोलीत बोलावून पडद्यावर चित्र दाखवलं. मला त्यातलं काही कळलं नाही, पण डॉक्टरचा चेहरा कळला. तिन्ही नळ्या तुंबलेल्या, एक तर अगदी मुळाशी. स्टेंट घालून भागणार नाही, छाती उघडावी लागेल. दिलेल्या औषधांचा अंमल उतरायला चार दिवस थांबायचं, तोवर आयसीयूतून हलवायचं नाही.

मंगल वहिनी रडल्या नाहीत. सकाळी सहाला चक्की चालू करून आलेला माणूस, एवढंच त्या पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या, आणि हातातल्या आयसीयूच्या पासची घडी घालून पुन्हा उलगडत राहिल्या. आयसीयूत एका वेळी एकच माणूस, तेही पाच मिनिटं. बाहेर चपला काढायच्या, हात धुवायचे, आणि आत तारांच्या जाळ्यात पडलेल्या माणसाशी हसून बोलायचं. बाहेर आल्यावर प्रत्येक जण सांगायचा की बरे दिसतात. कुणालाच तो बरा दिसत नव्हता.

तिथल्या एक मावशी होत्या, साफसफाईच्या. त्या बादली घेऊन बाहेर आल्या की वहिनींच्या कानाशी सांगून जायच्या, तुमच्या माणसानं अर्धा कप चहा घेतला, आता झोपलाय. डॉक्टरांच्या अर्ध्या तासाच्या बोलण्यापेक्षा वहिनींना त्या अर्ध्या कपाचा आधार जास्त वाटायचा.

रक्त पातळ करायच्या औषधांनी एक वेगळंच केलं. कचरूच्या छातीवरचे डाग पसरले आणि काळे पडले. दुसऱ्या दिवशी माझी पाळी आली तेव्हा मी पाहिलं, डाव्या बाजूला चार बोटांच्या सांध्यांचे ठसे ओळीनं उमटले होते. मी माझी मूठ खिशात घातली. कुणी जुळवून पाहील अशी भीती वाटली मला.

कचरूचे थोरले भाऊ साहेबराव दादा वैजापूरहून आले होते. साठीचा शेतकरी गडी, डोक्यावर पांढरी टोपी, नाकाच्या शेंड्यावर राग. ते आत जाऊन आले ते थरथरत. त्यांचं ठरलंच होतं की माझ्या भावाला बाजारातल्या कुणीतरी तुडवलंय, आणि तो कोण आहे ते मी शोधून काढणार अन् त्याचे पाय मोडणार. वहिनींनी नवऱ्याचा शब्द राखून पोत्याचं सांगितलं तर ते त्यांच्यावरच खेकसले.

आत कचरूनं मला जवळ वाकायला लावलं. श्वास पुरत नव्हता तरी बोलला. "सांगू नको, सुध्या. दादा लई खुनशी हाय. अन् थोपटल्याचं कळलं तर मंगल तुला परत दारात उभं करणार नाय."

मी बरं म्हणालो. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. मरणाच्या दारातला माणूस मला वाचवत होता आणि मी ते मुकाट्यानं घेत होतो. याची लाज मला तेव्हा वाटली नाही, नंतर वाटली.

तिसऱ्या दिवशी सर्जननी सगळ्यांना बोलावलं. शांत आवाजाचा माणूस. म्हणाले, पोतं पडून बोटांचे ठसे उमटत नाहीत. ऑपरेशनच्या वेळी आम्ही रक्त आणखी पातळ करतो. बरगडी मोडलेली असेल, आत कुठं रक्त साठलेलं असेल, काळजालाच मार बसलेला असेल, तर ते मला छाती उघडण्याआधी माहीत हवं. नाहीतर पेशंट टेबलावरच दगावेल. आणि हा मारहाणीचा प्रकार असेल तर पोलिसांना कळवावं लागेल.

दादा म्हणाले, कळवा, आत्ताच कळवा. वहिनी खाली बघत म्हणाल्या, पोतंच पडलं असंल हो. प्रतीक्षा फक्त माझ्याकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "मी मारलं. एकोणीस दिवस. अन् विसाव्या दिवशी सकाळी."

मग सगळं सांगितलं. मूठ कशी, गुडघा कुठं, जोर किती. सर्जन लिहून घेत होते. मला वाटलं होतं शिव्या घालतील, त्यांनी शेवटचा मार कधी आणि कुठं एवढंच विचारलं, कागदावर मारहाण नव्हे, मालिश अशी नोंद केली आणि स्कॅन लिहून दिला. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. थोपटल्याचं तेवढं मी त्यांनाही सांगितलं नाही. त्याचा उपचाराशी काय संबंध, अशी मी स्वतःची समजूत काढली.

लादीवर

बाहेरच्या बोळात आल्याबरोबर दादांनी माझ्या कानफटात मारली. मी उभा राहिलो. मनाशी ठरवलं होतं की जे पडेल ते खायचं, आपल्या हक्काचं आहे. दुसरी मूठ तोंडावर बसली, ओठ फाटला, तोंडात रक्ताची चव आली. तरी मी उभा होतो. तिसऱ्या वेळी त्यांचा हात आला आणि माझ्या अंगानं मला न विचारता उत्तर दिलं. मी तो हात खांद्यावर घेतला, कंबर वळवली आणि साठ वर्षांच्या माणसाला दवाखान्याच्या लादीवर धोबीपछाड घातली.

कोपर लादीवर आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. खुर्च्यांची रांग उलटली, टोपी घरंगळत लिफ्टपर्यंत गेली, एक बाई लेकराला छातीशी धरून भिंतीला चिकटली. मी वाकलो ते उचलायला की पुन्हा मारायला, हे आज छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. दादांनी खालूनच माझ्या हाताचा चावा घेतला. तो वण मनगटावर आहे. दोन सिक्युरिटीवाल्यांनी मला कॉलरला धरून जिन्यानं खाली ओढत नेलं आणि गेटबाहेर काढलं. पुन्हा आत दिसलास तर पोलिसात देऊ, असं बजावलं.

ओढून नेताना मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी लिफ्टजवळ जाऊन टोपी उचलली, झटकली, आणि दादांच्या शेजारी बसल्या.

दादांच्या कोपराला चीर गेली होती, महिनाभर प्लास्टर होतं. मी नंतर वैजापूरला जाऊन पाया पडलो. त्यांनी पाय मागं घेतले. आजही ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि त्यात त्यांचं काही चुकतं असं मला वाटत नाही. आयसीयूच्या बाहेर बसलेली माणसं भीतीनं ठासून भरलेली असतात. भीती डोळ्यांतून निघाली तर बरं, हातातून निघाली की असं होतं.

करवत

स्कॅन चांगला आला. बरगड्या शाबूत होत्या, आत रक्त साठलेलं नव्हतं, मार मांसावरच राहिला होता. हे मला प्रतीक्षानं मोबाइलवर कळवलं. पाचव्या दिवशी सकाळी तिचाच मेसेज आला, आत नेलं.

मी गेटसमोर रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर बसलो होतो. कारखान्यात रजा टाकली होती. बायको घरून डबा द्यायला आली आणि माझ्या फाटलेल्या ओठाकडे पाहून डबा ठेवून परत गेली. शेजारी एक ग्रॅनाइटचं दुकान आहे, तिथं दगड कापायचं यंत्र चालू होतं. ते थांबलं की मला बरं वाटायचं, चालू झालं की मी कानांवर हात ठेवायचो.

तासाभरानं मंगल वहिनी रस्ता ओलांडून आल्या. मी उठून उभा राहिलो. त्या माझ्याकडे न बघता त्या यंत्राकडे बघत होत्या. म्हणाल्या, "भाऊजी, करवतीनं कापतेत व्हय?"

मी हो म्हणालो. छातीचं मधलं हाड वरपासून खालपर्यंत करवतीनं कापतात, दोन्ही बाजू फाकवतात. पायातली शीर काढून काळजाला जोडतात. मग हाड स्टीलच्या तारांनी शिवतात, त्या तारा जन्मभर आत राहतात.

त्या फुटपाथवरच बसल्या. पदर तोंडाशी धरला. मला वाटलं मी फार बोललो. मग त्या म्हणाल्या, "खरं सांगितलंत. बाकी समदे मला लहान लेकरू समजायलेत. बारीकसं ऑपरेशन हाय म्हणत्यात."

दुसरी, लपवलेली गोष्ट सांगायची हीच वेळ होती. मंगल वहिनी, त्यानं मला सोड म्हणून खूण केली होती, आणि मी सोडलं नाही. वाक्य तोंडापर्यंत आलं होतं. मी टपरीवाल्याला चहा सांगितला. वहिनींनी दोन घोट घेतले आणि त्या परत आत गेल्या.

साडेपाच तासांनी मेसेज आला, झालं, काळीज नीट चालतंय. मी तिथंच रस्त्याच्या कडेला बसून मोठ्यानं रडलो. टपरीवाल्यानं बाकडं पुसून मला वर बसवलं आणि पाण्याचा ग्लास हातात दिला.

सुध्या, सोड

याची आम्हाला कुणी कल्पना दिली नव्हती, म्हणून मुद्दाम सांगतो. मोठ्या ऑपरेशननंतर काही माणसं आयसीयूत भ्रमतात. ओळखीची माणसं ओळखत नाहीत, दुश्मन समजून मारायला उठतात. ते वेड नव्हे. दोन-चार दिवसांत जातं. पण घरच्यांनी ते पहिल्यांदा पाहिलं की पायाखालची जमीन सरकते.

ऑपरेशननंतर तिसऱ्या दिवशी दुपारी ज्यानं मला बाहेर काढलं होतं तोच सिक्युरिटीवाला रस्ता ओलांडून आला. म्हणाला, सुधाकर कोण? वर बोलावलंय. पेशंट तुमच्याच नावानं ओरडतोय.

अंगावर गाऊन, तोंडाला मास्क लावून मला आत नेलं. कचरूनं एका ब्रदरच्या, म्हणजे पुरुष नर्सच्या, नाकावर ठोसा मारला होता, त्याच्या मास्कवर रक्त होतं. मानेत घातलेली नळी उपटायला निघाला म्हणून त्याचे दोन्ही हात पट्ट्यांनी पलंगाला बांधले होते. तो दात विचकत होता, मान आपटत होता. आवाज फाटला होता, पण शब्द कळत होते. सुध्या छातीवरून ऊठ. सुध्या, सोड. पलंगाच्या पायथ्याशी मंगल वहिनी उभ्या होत्या.

मी जवळ गेलो आणि म्हटलं, अरे मी इथं आहे, बाजूला आहे. तेवढ्यात त्याची उजवी पट्टी सुटली. त्यानं माझी मान काखेत घेतली आणि आवळली. पोती उचलणारा हात तो. नर्स बोटं उकलायला गेली तसा तो आणखी जोर करू लागला, आणि छातीवरच्या पट्टीतून लाल डाग वर आला. डॉक्टर ओरडले, ओढू नका, तारा तुटतील, हाड उघडेल.

ती पकड मला सोडवता येत होती. अंगठा मागं वळवला की कुणाचाही हात सुटतो. पण मी झटका दिला असता तर तो त्याच्या शिवलेल्या छातीला बसला असता. म्हणून मी अंग ढिलं सोडलं. झोपेची सुई भरेपर्यंत थांबायचं ठरवलं, पण श्वास संपला. डोळ्यांपुढे अंधारी आली, कानात घूं घूं सुरू झालं. तेव्हा माझा हात आपोआप उचलला गेला आणि मी त्याच्या खांद्यावर दोनदा थोपटलं.

त्यानं सोडलं, त्याच क्षणी. हात उघडला आणि बाजूला पडला.

चाळीस वर्षांत मी कधीच त्याच्यापुढं थोपटलं नव्हतं, त्याची मी गल्लीभर बढाई मारत आलो होतो. त्याला स्वतःचं नाव आठवत नव्हतं, पण नियम आठवत होता. मी मात्र धडधाकट शुद्धीत तो मोडला होता. सुई टोचली, तो झोपला. मी मास्क काढून खोकत बाहेर आलो. वहिनींनी मला पाण्याची बाटली दिली आणि विचारलं, तुम्ही थोपटल्यावर कसं काय सोडलं त्यांनी? मी तालमीतला नियम सांगितला. त्या ऐकत होत्या, ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला. त्या तशाच वळून आत गेल्या, आणि मला विचारायचा धीर झाला नाही.

पाठ

दोन दिवसांत कचरू भानावर आला. त्याला त्यातलं काहीच आठवत नाही. पुढं घरी आला. तीस वर्षांचं पीठ छातीत बसलेलं, त्यामुळं कफ सुटेना. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धरायची आणि खोकायचं, असं शिकवून पाठवलं होतं. एकेका खोकल्याला तो असा किंचाळायचा की चक्कीवर दळण घेऊन आलेल्या बायका डबे ठेवून निघून जायच्या. फिजिओथेरपीवाल्या मॅडमनी सांगितलं होतं की पाठीवर, ओंजळ केलेल्या हातानं थापट्या मारायच्या, मणका सोडून, तालात. प्रतीक्षाचा हात हलका पडायचा. वहिनींची हिंमत होत नव्हती.

एक दिवस वहिनींचा फोन आला, या म्हणून. विसाव्या दिवसानंतर मी पहिल्यांदाच त्या घरात पाय ठेवत होतो. मॅडमनी मला दोनदा करून दाखवलं आणि त्या गेल्या. कचरू पलंगाच्या कडेला उशी धरून बसला होता. वाळून अर्धा झाला होता. गळ्याखाली लांब लाल व्रण, त्याच्या दोन्ही बाजूंना माझे डाग, आता पिवळे पडलेले. मी त्याच्या मागं बसलो, हात ओंजळीसारखा केला, आणि तो वर उचलेना.

मग मी सांगितलं. त्याच्या पाठीकडे बघूनच सांगितलं. वहिनी, त्या दिवशी ह्यानं मला दोनदा थोपटलं होतं. सोड म्हणाला होता. मी सोडलं नाही, उलट आणखी मारलं.

कचरू म्हणाला, जाऊ दे रे. पण वहिनींनी त्याला हातानं गप्प केलं.

"मी दारातच व्हते, भाऊजी. समदं बघितलंय. ह्यांचा हात वर आला, तुमच्या मांडीवर दोनदा पडला. मला वाटलं, बरं वाटायलंय म्हणून थोपटायलेत." त्या थांबल्या. "मला त्याचा अर्थच ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर चहाचं ताट तुमच्या डोक्यात घातलं असतं."

मागं चक्कीचा पट्टा चालू होता, प्रतीक्षा दळत होती. वहिनींनी स्टूल ओढलं आणि ते अशा जागी ठेवलं की पलंगाची कड दिसेल. कचरूचा उजवा हात धरून मागं माझ्या गुडघ्यावर ठेवला. मग स्टुलावर बसल्या आणि त्या हातावर नजर लावली.

"मारा आता," त्या म्हणाल्या.

मी मारायला लागलो. पोकळ आवाज येत होता, धप्प नव्हे. डावीकडे, उजवीकडे, मणका सोडून. कचरू उशीला बिलगून खोकला, किंचाळला, पुन्हा खोकला. घट्ट, पिठूळ कफाचा गोळा भांड्यात पडला. मी थापट्या चालूच ठेवल्या. त्याची पाठ माझ्या हाताखाली थरथरत होती.

माझ्या गुडघ्यावरचा हात उचलला गेला आणि दोनदा पडला.

वहिनी स्टुलावरून अर्ध्या उठल्या होत्या. माझा हात हवेतच थांबला होता.